समोरच्या घरातला वाडगा

एकदा काय झालं, सात समुद्रांपलीकडे धुक्याचं एक गाव होतं. तिथे सूर्य उगवायचा, पण दिसायचा मात्र नाही. त्या गावात आपल्या कोकणातली एक बाई राहायला गेली. द्वारका तिचं नाव. नवरा जहाजावरचा सुतार, महिनोन्‌महिने पाण्यावर. घरी द्वारका आणि तिची लेक बकुळी, दोघीच. तिथली भाषा येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं. होतं काय, तर गाठोड्यात बांधून आणलेलं कुळथाचं पीठ, आमसुलं आणि थोडे तांदूळ. ते चुलीवर चढलं की द्वारकेला वाटायचं, चला, आपण अजून आपणच आहोत.

समोर एक काळं घर होतं. त्याची खिडकी कधी उघडत नसे. आणि एका सकाळी द्वारकेच्या दारावर टकटक झाली. दार उघडलं तर कुणी नाही. उंबऱ्यावर झाकलेला एक काळा वाडगा. आत पांढरी पेज, तिला ना वास, ना चव. समोरचं दार हळूच लागलं.

आता तुम्हीच सांगा, शेजारणीचं भांडं कुणी रिकामं परत देतं का? काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात. द्वारकेच्या हाडात मुरलेलं होतं ते. तिनं वाडगा घासला, लसणीची फोडणी देऊन, आमसूल घालून कुळथाची पिठी केली, वाडगा काठोकाठ भरला आणि समोरच्या उंबऱ्यावर ठेवून पळत आली. हो, पळतच. भीती वाटत होती ना तिला. मागे दार किलकिलं झालं आणि एक हात बाहेर आला. बरं का, त्या हाताला नखं नव्हती.

मग द्वारका जेवायला बसली, तर पिठी नुसत्या पाण्यासारखी लागली. बकुळीला झोपवायला अंगाई म्हणू गेली, तर घशातून सूरच निघेना. आणि समोरून लसणीच्या फोडणीचा वास आला. त्याच्या मागोमाग अंगाई आली, द्वारकेच्याच आवाजात.

पांघरूण ओढून घ्या हवं तर. पण ऐका.

दुसऱ्या सकाळी वाडगा पुन्हा उंबऱ्यावर. द्वारकेनं त्याला हात लावला नाही. पाणी भरून परत आली, तर वाडगा दाराच्या आत. चूल पेटवायला वळली, तर वाडगा चुलीपाशी. तुम्ही म्हणाल, द्यायचा की रिकामा! अहो, पण तिला ते सुचेल तर ना. थरथरत होती, तरी घावणे घालत होती. बायकांची जात म्हणजे अशी. घावणे वाडग्यात घातले आणि ठेवून आली.

मग बादलीत वाकून पाहिलं, तर पाण्यात तिला तिचा चेहरा दिसेना. नाकडोळे कुणी ओल्या फडक्यानं पुसून घेतल्यासारखे. रस्त्यातून पाववाला गेला. त्यानं तिच्याकडे बघितलंच नाही, काळ्या घराकडे बघून मान लववली. तिथली खिडकी आता उघडी होती. खिडकीत एक बाई उभी होती. द्वारकेचं नाक, द्वारकेचं कुंकू, हनुवटीवरचं गोंदणसुद्धा द्वारकेचं.

बकुळी इकडच्या खिडकीत उभी होती. तिनं तिकडे बघून विचारलं, “आई, तू तिकडे का गेलीस?”

“बाळा, मी इथे आहे. तुझ्या मागे.”

बकुळीनं वळून बघितलं. आणि ती किंचाळून मागे सरली. आपल्या आईला भिऊन. द्वारकेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिसऱ्यांदा वाडगा आला. कुठे आला, माहीत आहे? बकुळीच्याच हातात.

“आईचा वाडगा आहे,” बकुळी म्हणाली. “मी नेऊन देते.” आणि निघालीसुद्धा. पीठ संपलेलं, आमसुलं संपलेली. या खेपेला वाडग्याबरोबर त्या घरात काय जाणार, हे द्वारकेला कळलं. समोरच्या दारात ती दुसरी हात पसरून उभी होती.

द्वारकेनं धावत जाऊन बकुळीचं मनगट धरलं. पोर रडायला लागली, सुटायला बघू लागली. द्वारकेनं सोडलं नाही. आणि तिथेच तिच्या मनात आलं, आपण वाडगे भरभरून ठेवले आणि पळालो. दारात माणूस उभं असलं की आपल्याकडे आधी काय म्हणतात? ते तर आपण एकदाही म्हटलं नाही.

दातावर दात आपटत होते. तरी तिनं हाक मारली, “बाई, आत या. पानावर बसा.”

ती आली. चालताना तिचे पाय वाजत नव्हते. द्वारकेनं पाट मांडला. गाठोडं झटकलं तर मूठभर तांदूळ निघाले. त्याचा मऊ भात केला, वर मीठ घातलं, वाढला. समोरासमोर दोन द्वारका, आणि मध्ये बकुळी, डोळे घट्ट मिटून.

काहीतरी बोलायचं म्हणून द्वारकेनं विचारलं, “तुमच्याकडे जेवायला काय करतात हो?”

ती बाई द्वारकेच्याच आवाजात म्हणाली, “आठवत नाही. कुणी विचारलंच नाही.”

ती भात खाऊ लागली. एकेक घास पोटात जाऊ लागला, तसतसा तिच्यावरचा चेहरा कांद्याच्या सालीसारखा सुटू लागला. आतून एक म्हातारी निघाली. गाल बसलेले, डोळे पाण्यानं भरलेले. ती पण लहानपणी जहाजातनंच आली होती त्या गावात. तिला कुणी घरात घेतलं नाही. लोकांचं घेता घेता स्वतःचं सगळं विसरली, आणि भूक तेवढी राहिली.

“जवाची भाकरी,” म्हातारी म्हणाली. आवाज तिचा स्वतःचा होता, घोगरा. “माझी आई त्यावर भाजलेला कांदा ठेवायची.” आणि ती ढसाढसा रडली.

मग बकुळीनं एक डोळा उघडला. मग दुसरा. समोर म्हातारी होती आणि शेजारी तिची आई होती, नाकाडोळ्यांसकट. बकुळी आईच्या मांडीत शिरली आणि म्हणाली, “आई, मला पण भात.”

पातेल्यात शितं उरली होती. द्वारकेनं ती निपटून लेकीला भरवली आणि आपणही दोन घेतली. भात गोड लागला.

मग यथावकाश नवरा परत आला आणि सगळी सुखानं राहिली, म्हातारीसुद्धा. चला, आता दिवा बारीक करते. डोळे मिटा बघू.