वाळूच्या वेशीवरची राई

फार मागे, वाळूच्या मुलुखाच्या कडेला एक गाव होतं. त्या गावाला विहीर एकच होती, आणि गावाचा कारभार म्हाळसा नावाची एक बाई पाहायची.

म्हाळसेचं माहेर वाळूनं गिळलं होतं. तिच्या डोळ्यांदेखत वाळू भिंतींना टेकली, छपरांवर चढली आणि माणसं गाव सोडून गेली. तेव्हापासून वारा सुटला की तिचं चित्त थाऱ्यावर राहायचं नाही. भरल्या ताटावरून उठून ती बाहेर जाऊन उभी राहायची.

या गावावर तशी पाळी येऊ नये म्हणून तिनं वेशीबाहेर झाडं लावली. सारं गाव तिच्याबरोबर राबलं. झाडांनी जीव धरला, वाळू थबकली. लोक म्हणाले, "म्हाळसाई, आता जरा टेका."

पण तिला बसवेना. दोन झाडांमध्ये मोकळी जागा दिसली की तिला वाटे, वाळू शिरणार ती इथूनच. मग तिथंही रोप, आणि तेही झपाट्यानं वाढणारं, दाट पानांचं. राई इतकी दाटली की आत ऊन पोचेना. इकडे विहिरीचा दोर मात्र लांबत चालला.

एके सकाळी तिची सून झेलू रिकामी घागर घेऊन परतली.

"आत्याबाई, विहिरीत नुसता गाळ उरलाय. पाणी सगळं झाडंच पितात. थोडी कमी करा."

"झाडं काढली तर वाळू आत येईल. तू पाहिलं नाहीस ते."

"नाही पाहिलं. पण तुमच्या नातीच्या ओठांना भेगा पडल्यात, ते तर आपण दोघी पाहतोय."

म्हाळसा तडक राईकडे निघून गेली. वाऱ्याच्या तोंडावरची झाडं उभीच्या उभी वाळली होती. तिनं एका खोडाला हात लावला, तर ते मुळासकट कललं. त्या वाळल्या ओळीतून वाळू आत सरकली होती. दाटीत झाडं एकमेकांच्या तोंडचं पाणी काढून घेत होती.

ती वाळली ओळ तिनं शेवटपर्यंत चालून पाहिली. मग घरी जाऊन तिनं कुऱ्हाड आणली.

पहिला घाव तिनं स्वतः लावलेल्या झाडावर घातला. गाव लांबून पाहत राहिलं. झेलू पुढे आली आणि तिनं दुसरी कुऱ्हाड उचलली. दोघींनी पाणीखाऊ झाडं उतरवली, काटक शमी आणि बोरी राखल्या, तोडलेल्या फांद्या वाळूवर आडव्या अंथरल्या आणि मधल्या जागेत गवत पेरलं.

तो उन्हाळा म्हाळसेला जड गेला. वाळू आलीच. वेशीलगतचा एक गोठा वाळूखाली बुजला, आणि तो म्हाळसेचाच होता. पण गवतानं मुळं रोवली, वाळू तिथंच अडली. हळूहळू विहिरीला पाझर फुटला आणि गाव जागेवर राहिलं.

म्हाळसेच्या जिवाची घालमेल उभ्या जन्मात गेली नाही. पण पुढे कुणी नवं रोप घेऊन आलं, की ती त्याला आधी विहिरीत डोकावून यायला सांगे.

तात्पर्य: जमिनीच्या पोटात जेवढं पाणी, तेवढीच हिरवाई मागावी; भीतीपोटी मापाबाहेर नेलेलं चांगलं कामही आपल्याच मुळावर येतं.