सोन्याची झावळी

ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, सगळे हातात झावळी घेऊन प्रार्थनेला जातात तेव्हा, बस्त्यावशेठ सोन्याचा मुलामा दिलेली झावळी मिरवत चर्चच्या दारात आले. तीस वर्षं गावाला आपल्याच माडाच्या झावळ्या देणारी रोजामावशी तिथे टोपली घेऊन बसली होती.

"मावशी, पुढच्या वर्षीपासून सगळ्यांना मी अशाच देणार. तुम्हाला सुट्टी! तुमचा पाला काय, आठवड्यात वाळतो."

"वाळायलाच हवा, शेठ. तो जाळूनच पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारची राख होते. 'तू माती आहेस' म्हणत फादर तीच कपाळाला लावतात. तुमची ही काही जळायची नाही. मग तुमच्या कपाळाला काय लावायचं?"

दारातली माणसं हसली. शेठनी सोन्याची झावळी गाडीत ठेवली आणि मावशीपुढे हात केला. मावशीने टोपलीतली सगळ्यात लहान झावळी निवडून दिली.

"घ्या, ही लवकर वाळते."