लसूण आणि पाना

"मग मी काय करू, माई? बाहेरचा माणूस बोलावू? या मठात?"

माई म्हणजे या मठाच्या गुरू. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडत राहिल्या.

विचारणारा होता भार्गव, मठातला थोरला शिष्य. हातात भला मोठा पाईपपाना, ढोपरापर्यंत चिखल. विचारत होता खरा, पण उत्तर त्यानं मनात आधीच ठरवून ठेवलं होतं. 'बाहेरचा कशाला रे, तूच कर,' एवढंच त्याला माईंच्या तोंडून ऐकायचं होतं.

आणि वेळ तर अशी आलेली, की शत्रूवरही येऊ नये. आज मठाचा भंडारा. मठ ज्या खिंडीत, तिच्या दोन्ही अंगांची गावं जेवायला येणार. चुली पेटलेल्या, डाळीची पोती सोडलेली, आणि स्वयंपाकघराच्या नळाला पाण्याचा टिपूस नाही! टेकडीवरच्या टाकीतून येणारा लोखंडी पाईप भिंतीपाशी जिथं वळतो, तिथला कोपरा सकाळीच फुटला होता. भार्गवनं धावत जाऊन टाकीचा कॉक बंद केला, म्हणून अंगणाचं तळं होता होता राहिलं. टाकी वर काठोकाठ भरलेली, आणि खाली भांडी कोरडी ठणठणीत. घागरीनं आणायचं म्हटलं, तर चढ असला जीवघेणा, की दहा माणसांचीही डाळ शिजायची नाही.

"दुपारपर्यंत पाणी आलं नाही तर..." माई म्हणाल्या.

"तर लोक उपाशी परत जातील." भार्गवनं मान खाली घातली. "या मठातून आजवर कुणी उपाशी गेलेलं नाही, माई."

"हं."

"म्हणून तर विचारतोय."

माईंनी तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"हा कोपरा आधीही गळायचा ना रे?"

"गळायचा."

"मग काय केलंस?"

"आवळला."

"थांबला?"

"थांबला की. थोडे दिवस."

"मग?"

"मग... आणखी आवळला."

"आणि आज?"

भार्गव पान्यावरचा चिखल पुसू लागला. आज तो कोपरा आवळता आवळताच फुटला होता, हे सांगायला जीभ रेटेना. माईंनीही पुढं विचारलं नाही.

आता गंमत बघा. तालुक्यातला सगळ्यात नावाजलेला नळवाला त्याच वेळी मठाच्या अंगणात बसला होता. सर्जेराव तांबट त्याचं नाव. पण तो बसला होता लसूण सोलत!

तुम्ही म्हणाल, ही काय तऱ्हा? तर ती या मठाची जुनी रीत. ज्या कामाचा तुम्हाला तोरा आहे, ते काम फाटकाबाहेर ठेवायचं आणि मग सेवेला आत यायचं. त्यामुळं इथं वकील अंगण झाडतो, हलवाई भांडी घासतो आणि भाजीत मीठ घालतो कचेरीतला कारकून. कधी मीठ जास्त होतं, कधी विसरलंच जातं. लोक हसतात आणि जेवतात. भार्गवही आधी भजनांच्या साथीला पेटी वाजवायचा, आणि काय वाजवायचा! माईंनी पहिल्याच दिवशी पेटी बाहेर ठेवायला लावली आणि हातात पाना दिला. तेव्हा पान्याचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

म्हणजे सर्जेरावला नळाला हात लावायची मनाई. मग उरला तालुक्याहून माणूस मागवायचा रस्ता. तो भार्गवनंच बंद करून टाकलेला. मागं कुणा भल्या माणसानं दोन कारागीर आपणहून पाठवले, तर यानं त्यांना फाटकातच चहा पाजून वाटेला लावलं. नियम नव्हता तसा. याचाच नियम.

"का पाठवलंस रे परत त्यांना?" माईंनी विचारलं.

"येणार, ठोकाठोकी करणार, निघून जाणार. त्यांना या नळांची काय माया? माई, इथला एकेक नळ मी बसवलाय. बोटं सोलवटली, पाठ धरली, पण दुसऱ्याला हात लावू दिला नाही. आज या मठातला कुठलाही नळ सोडा, पाणी आलं की माझंच नाव निघतं!"

माईंचा हात सुपावर थांबला.

"काय म्हणालास?"

"नाही... म्हणजे लोकच म्हणतात, माई."

माई त्याच्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भार्गवला वाटलं. मग गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या आणि ओसरीच्या पायरीवर येऊन त्यांनी हाक मारली.

"सर्जेराव! जरा इकडं या. लसूण घेऊन या."

सर्जेराव आला. मिशीला लसणाची साल चिकटलेली, पण चाल मात्र पहिलवानाची.

"कसा काय सोलता हो तुम्ही लसूण?"

एवढंच विचारायचा अवकाश, सर्जेराव खुलला. "माई, आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पाकळी अशी अंगठ्याखाली दाबायची, पण जीव नाही काढायचा तिचा. साल आपणहून बाजूला होते. मी सोललेल्या पाकळीवर नखाचा ओरखडा दाखवा कुणीही! बायका बघत राहतात. आमची सून तर म्हणते, मामंजी, लसूण सोलावा तो तुम्हीच!"

अंगणातल्या बायका पदराआड हसायला लागल्या. माईही हसल्या. मग हसता हसता त्यांनी भार्गवपुढं हात केला.

"दे."

"काय?"

"पाना."

भार्गवनं पाना दिला. द्यायला वेळच लागला त्याला. माईंनी तो सर्जेरावच्या हातात ठेवला आणि सर्जेरावच्या हातातलं लसणाच्या पाकळ्यांनी भरलेलं सूप भार्गवच्या हातात.

"दोघंही फाटकाबाहेर ठेवायची वस्तू आत घेऊन बसलात. बदला."

"पण माई, मठाचा नियम..." भार्गव म्हणाला.

"नियमच पाळतेय बाबा."

सर्जेराव पाना घेऊन उभा, त्याचं तोंड उघडंच राहिलेलं. मग धोतराचा काचा मारून तो भिंतीकडे पळत सुटला. भार्गव सूप घेऊन लिंबाखाली बसला.

काय सांगावं त्याच्या मनाचं! अपमान झाला होता, आणि तोही सगळ्यांदेखत. पहिली पाकळी त्याच्या हातात चेंगरली. दुसरीबरोबर नख गेलं. शेजारी बसलेली गंगूताई म्हणाली, "बुवा, साल टाकायची असते, पाकळी ठेवायची." पुन्हा हशा. भार्गवच्या डोळ्यांत पाणी आलं. लसणानं नव्हे, लसणानं काही डोळे भरत नाहीत. पण ते पुसायला गेला तो लसणाच्याच बोटांनी, आणि मग मात्र असे झोंबले, की दिसेनासं झालं.

तिकडून ठोकण्याचा आवाज येत होता. प्रत्येक ठोका भार्गवच्या काळजावर. मग आवाज थांबला... पुन्हा सुरू झाला... पुन्हा थांबला.

सर्जेराव घाम पुसत पायरीपाशी आला. "माई, कोपऱ्याचा तुकडा आत पाईपाच्या आट्यांत जाम बसलाय. असा आवळलाय, असा आवळलाय... कुणी राग काढला होता कोण जाणे! पाईप फिरवल्याशिवाय तो निघायचा नाही. आणि फिरवायचा तर मधला जोड सोडायला पाहिजे. जोड कुठं दिसत नाही. सगळी भिंत चाचपली. एवढा पाईप खणून काढायचा म्हटलं, तर संध्याकाळ होईल."

कुणीतरी चुलीतली लाकडं मागं ओढली.

भार्गवला ठाऊक होतं जोड कुठं आहे ते. त्याच्या एकट्यालाच ठाऊक होतं.

आणि खरं सांगायचं, तर एक क्षण त्याला बरं वाटलं. मनात अगदी गुदगुल्या झाल्या. आता कळलं का? नावाजलेला नळवाला ना तू? शोध! मला येऊन विचारतील आता, हातापाया पडतील...

तेवढ्यात फाटकातून पहिली माणसं आत आली. पलीकडच्या गावचं एक म्हातारं जोडपं. आजीच्या काखेत दोन पितळी ताटल्या, कारण भंडाऱ्याला जो तो आपापली ताटली घेऊन येतो. आजोबा सावलीला टेकले, कपाळाचा घाम पुसला आणि समोरच्या भार्गवलाच म्हणाले, "बुवा, लवकर आलो जरा. सकाळी घरी चूल नाही पेटवली. म्हटलं, आज मठात पोटभर जेवायचं."

भार्गवला स्वतःची शिसारी आली. लाजेनं कानशिलं तापली त्याची.

तो उठला. सूप खाली ठेवलं.

"सर्जेराव, जोड ओट्याखाली आहे."

"कुठल्या ओट्याखाली?"

"स्वयंपाकघराच्या दाराशी. तो सिमेंटचा."

हा ओटा म्हणजे भार्गवचा जीव की प्राण. स्वतः वाळू चाळून, स्वतः थापी फिरवून त्यानं तो आरशासारखा गुळगुळीत केला होता. आल्यागेल्याला तो तिथंच बसवायचा आणि 'कुणी केला हो हा?' असं विचारायची वाट बघायचा. जोड त्याखाली गाडला गेलाय, हे करताना त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ध्यानात आलं तेव्हा ओटा सुकला होता आणि कौतुक सुरू झालं होतं. मग कोण फोडतंय?

"मग फोडावा लागेल," सर्जेराव चाचरत म्हणाला.

"मी फोडतो." भार्गव माईंकडे वळला. "फोडू ना, माई? की तेही माझं काम नाही?"

माईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"जोडणं तुझं काम होतं. फोडणं तुला कधी जमलंय? ... जा. फोड."

आणि भार्गवनं घण उचलला.

पहिला घाव हळूच बसला. नुसता चरा पडला. दुसऱ्यानं बारीक तडा गेला. तिसरा मात्र असा हाणला, की सिमेंटचा ढलपा उडून थेट तुळशीपर्यंत गेला. मग त्यानं मागं वळून बघितलं नाही. घाव घालतोय, घाम निथळतोय आणि ओरडतोय, "बाजूला व्हा! बाजूला व्हा रे!" हसतही होता, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. बायका लसूण टाकून बघायला आल्या. वकील केरसुणी घेऊन धावला आणि तुकडे लोटायला लागला. बघता बघता आरशासारखा ओटा खडी होऊन पडला, आणि खाली मातीत जोड दिसला.

"सापडला!" भार्गव असा ओरडला, जणू गुप्तधनाचा हंडा लागला.

पुढं मग काय विचारता. भार्गवनं खालचा पाईप दोन्ही हातांनी दाबून धरला, सर्जेरावनं पाना लावला. सुटेना. तेल सोडलं. सुटेना.

"बुवा, जोर नका लावू. नुसता धरून ठेवा."

"नुसता?"

"नुसता."

भार्गवनं नुसता धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं पाईप नुसता धरला असेल. सर्जेरावनं पाना हलके मागं, हलके पुढं केला... आणि जोड 'कुर्र' करून फिरला. अडकलेला तुकडा बाहेर आला. नवा कोपरा भार्गवच्याच हत्यारांच्या पेटीत होता. सर्जेरावनं आट्यांवर सुतळी गुंडाळली, गळती रोखणारा सफेदा लावला, कोपरा बसवला, सोडलेला जोड पुन्हा जुळवला आणि दोन वेढे देऊन पाना खाली ठेवला.

"झालं? आणखी नाही आवळायचा?"

"नाही."

भार्गवच्या हातांना खाज सुटली होती. पण त्यानं ते पाठीमागं बांधून ठेवले. मग वळला आणि टेकडी चढत पळाला, कॉक उघडायला. या वयात, अनवाणी!

खाली सगळे नळाकडे डोळे लावून बसलेले. चूल धुमसतेय, कारकून मिठाचा डबा हातात धरून ताटकळलाय.

नळ आधी खोकला. मग हवा सोडली. मग गढूळ, गंजकट पाण्याची एक पिचकारी... आणि मग धो धो, स्वच्छ, गार पाणी!

"आलं! आलं!" अंगण दणाणलं. कुणी हंडा लावला, कुणी पातेलं. डाळीवर पाणी पडलं, लाकडं पुन्हा आत सरकली. गंगूताईनं सर्जेरावच्या अंगावर ओंजळभर पाणी उडवलं. भार्गव टेकडीवरून गडगडत खाली आला. कोपऱ्यापाशी गुडघे टेकून त्यानं बोट फिरवलं. कोरडा. अगदी कोरडा! त्यानं सर्जेरावला अशी मिठी मारली, की त्याचं पागोटं चिखलात पडलं.

दुपारी पंगती बसल्या. दोन्ही अंगांची गावं जेवली, आणि आजोबांनी तीनदा भात मागून घेतला. भाजी अंमळ खारट होती, कुणी तक्रार केली नाही. 'पाणी कुणी आणलं?' असं पंगतीत कुणीतरी विचारलं, तेव्हा भार्गव वाढत होता. त्यानं सर्जेरावकडे बोट दाखवलं. सर्जेरावनं भार्गवकडे. आणि दोघंही मोकळेपणी हसले.

शेवटची पंगत उठल्यावर भार्गव नळाशेजारी टेकलेल्या माईंपाशी येऊन बसला. हाताला फोड, अंगाला लसणाचा वास, पण छाती आनंदानं भरून आलेली. मग राहवेना.

"माई."

"हं."

"पुढच्या वेळी नळ गळायला लागला, तर स्वतः दुरुस्त करू, की माणूस बोलावू?"

माईंनी शेजारचा तांब्या उचलला, नळाखाली धरून भरला आणि नळ बंद केला. मग नळाकडे बघितलं... मग त्याच्याकडे.

"आत्ता गळतोय?"

"नाही."

माईंनी तांब्या त्याच्या हातात दिला.

"मग पाणी पी."