कातळातली लोखंडी कडी

उत्तरेच्या एका विशाल, बर्फाळ बेटावर एकदा एक वृद्ध आचार्य राहत असत. ते दगड वाचायला शिकवीत. त्यांच्या शिष्यांत एक चाळिशीचा गृहस्थ होता. त्याची उभी तरुणाई एका व्यापाऱ्याच्या गोदामात पाठीवर पोती वाहण्यात गेली होती. तिथून सुटून दोन वर्षे झाली, तरी कोवळी पोरे सहज ओळखत ते दगडांतले थर त्याला ओळखता येत नसत. याची त्याला फार लाज वाटे.

एके दिवशी तोच व्यापारी होडी घेऊन आला. "चल, तुझी जागा अजून रिकामी आहे. हे काही तुझ्याच्यानं व्हायचं नाही," तो म्हणाला. शिष्यालाही ते पटले. गाठोडे बांधून तो निरोप घ्यायला गेला.

आचार्य म्हणाले, "जा खुशाल. आधी शेठजींची होडी तेवढी त्या वरच्या कडीला बांध."

कडी कातळात होती खरी, पण पाण्यापासून पुरुषभर उंच. शिष्य वर चढला, दोर ताणून पाहिला. तो काही पुरेना. व्यापाऱ्याला हसू आवरेना. "इतक्या उंच कडी ठोकणारा शहाणा कोण?"

"माझे पणजोबा," आचार्य म्हणाले. "होडीत बसल्या बसल्या ठोकली त्यांनी."

"मग समुद्र आटला का, गुरुजी?" शिष्याने विचारले.

"समुद्र आहे तिथंच आहे. जमीन उठली. या किनाऱ्यावर एके काळी कोसभर जाडीचं बर्फ होतं. पृथ्वीवरच्या सर्वांत जुन्या कातळांतला हा कातळ, पण त्या भारानं तोही दबला. बर्फ वितळून हजारो वर्षं झाली. आपण उठलो तरी गादीतला खळगा भरायला वेळ लागतो ना, तसंच हे. ही जमीन अजून वर येतेच आहे. तुझा भार उतरून तर दोनच वर्षं झालीत, बाबा. तू वर येतोयस हे मी रोज पाहतो, आणि मला त्याचा अभिमान वाटतो."

शिष्याने कडीवर हात ठेवून खालच्या पाण्याकडे पाहिले. त्याची मान ताठ झाली होती. मग खाली उतरून त्याने दोर नीट गुंडाळला आणि व्यापाऱ्याच्या हाती दिला.

"शेठजी, ती जागा आता दुसऱ्या कुणाला द्या," तो म्हणाला, आणि गाठोडे उचलून पाठशाळेकडे चालू लागला.

ज्याच्या पाठीवरचे ओझे नुकते उतरले आहे, त्याची उंची मोजायची घाई आपण करू नये.