संडासात गोवऱ्या

एक होतं कोंबडीचं पिल्लू. एवढंसं.
रोज सकाळी छोटी बायजा त्याला कण्या टाकायची. आज कण्या नाहीत. बायजा गोधडीत पडून होती. पोट बिघडलं होतं, डोळे खोल गेले होते. पिल्लाला रडू आलं.

पिल्लू निघालं. तुरु तुरु.
बायजाच्या भाकरीवर माशी बसली होती, घाणीचे पाय घेऊन.
"माशीबाई, माशीबाई, भाकरीवरून हटा. बायजा उठेना, कण्या मिळेनात."
माशी म्हणाली, "ओढ्याकाठी घाण आहे, तोवर मी येणार. ओढ्याला सांग."

पिल्लू निघालं. तुरु तुरु.
"ओढेदादा, ओढेदादा, निवळ रे. माशी हटेना, बायजा उठेना, कण्या मिळेनात."
ओढा म्हणाला, "आजोबा रोज इथंच बसतात. मी कसा निवळू? आजोबांना सांग."

पिल्लू निघालं. तुरु तुरु.
"आजोबा, आजोबा, ओढ्यावर जायचं थांबा. ओढा निवळेना, माशी हटेना, बायजा उठेना, कण्या मिळेनात."
आजोबा म्हणाले, "मग जाऊ कुठं? संडासात गोवऱ्या रचल्यात. त्यांना सांग जा."

पिल्लू निघालं. तुरु तुरु.
"गोवऱ्यांनो, गोवऱ्यांनो, बाहेर निघा. आजोबा थांबेनात, ओढा निवळेना, माशी हटेना, बायजा उठेना, कण्या मिळेनात."
गोवऱ्या म्हणाल्या, "आम्हाला कुठं पाय आहेत? आईने ठेवलं, आईला सांग."

पिल्लू दमलं होतं. तरी निघालं. तुरु... तुरु...
आई बायजाच्या उशाशी बसली होती.
"आई, आई, गोवऱ्या काढ. गोवऱ्या निघेनात, आजोबा थांबेनात, ओढा निवळेना, माशी हटेना, बायजा उठेना, कण्या मिळेनात."
आई म्हणाली, "नवा कोरा संडास. घाण करायला जीव होत नाही. आणि गोवऱ्या तिथं कोरड्या राहतात."
बायजा कण्हली. पाणीसुद्धा नको म्हणाली.
आई उठली.

धप धप, धप धप. गोवऱ्या निघाल्या. आजोबा थांबले. जरा कुरकुरले, पण संडासात गेले. ओढा निवळला, हळूहळू. माशी हटली. आईने भाकरी झाकली, पाणी उकळलं, बादलीपाशी साबण ठेवला.
बायजा उठली. लगेच नाही हं. पुष्कळ दिवसांनी.

बायजाने कण्या टाकल्या. हात काडीसारखा झाला होता.
मग तिने साबण घेतला. खस खस, खस खस. हात धुतले आणि भाकरीला बसली.
पिल्लू खात होतं. टुक टुक. बायजा खात होती. आई दोघांकडे बघत होती आणि पदराने डोळे पुसत होती.