गेनू निवडून येतो

कुसळेवाडीत गेनू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे किती? बायको चांगुणा म्हणाली, "दुधावर लक्ष ठेवा." यानं ठेवलं. दूध तापलं, वर आलं, उतू गेलं, चूल विझली. गेनूनं सगळं नीट लक्ष देऊन बघितलं. चांगुणानं कपाळाला हात लावला.

या गेनूची लेक काशी गावच्या शाळेत जायची. एक दिवस शाळेतल्या खिचडीत तिच्या दाताखाली खडा आला आणि दाढेचा टवकाच उडाला. पोर रडत घरी आली. खिचडीचा तांदूळ यायचा दिनकरअण्णांच्या दुकानातून. तांदळावर देखरेख ठेवायला शाळेची समिती होती. आणि समितीत होतं कोण? दिनकरअण्णाच! मग काय, खडे छान शिजत होते.

त्यात समितीची निवडणूक आली. बायकांच्या जागा आधीच भरल्या होत्या, नाहीतर चांगुणानं स्वतःच अण्णांना पाणी पाजलं असतं. उरली होती बाप्यांची एक जागा, अण्णांची.

ती म्हणाली, "अहो, तुम्ही उभे राहा."

गेनू उठून उभा राहिला.

"निवडणुकीला हो! आणि कुणी कितीही म्हणालं तरी निकाल लागेपर्यंत बसायचं नाही."

गेनू बसला नाही. जेवला उभ्यानं, झोपला खांबाला टेकून. अण्णांनी त्याला दुकानात बोलावून खुर्ची पुढे केली. "गेनू, तू बसून घे. पोरीच्या दाढेचं मी बघतो."

"नको अण्णा. बसायचं नाही म्हणून चांगुणानं सांगितलंय."

अण्णांना वाटलं, गडी भलताच पक्का आहे. उगीच घाबरले बिचारे.

मग चांगुणा म्हणाली, "आता घरोघर जाऊन मत मागा."

संध्याकाळी गेनू खुशीत परत आला. "बत्तीस घरं झाली. सगळ्यांनी मत दिलं!"

"काय सांगता! काय म्हणाले?"

"रखमाजी म्हणाले, तुझ्या डोक्यात भुसा भरलाय. बानूबाई म्हणाली, चांगुणा आहे म्हणून तुझा संसार टिकला. गुरुजी तेवढे म्हणाले, विचार करून सांगतो."

चांगुणानं कपाळाला हात लावला. "अहो, मत असं मागतात का? आधी हात जोडायचे. हसायचं. समोरचा काहीही बोलू दे, हात सोडायचे नाहीत."

गेनूनं हे पाठ करून टाकलं. सकाळी गेला रखमाजींकडे. रखमाजी शिडीवर चढून छपरावर भोपळ्याचा वेल सोडत होते. शिडी डगमगली.

"गेनू, शिडी धर!"

गेनूनं हात जोडले.

"अरे धर की मेल्या!"

गेनू हसला.

खाली शेणाचा ढीग होता म्हणून रखमाजी वाचले. टोपी एकीकडे, चष्मा दुसरीकडे, आणि गेनू आपला हात जोडून हसतोय.

"धन्य आहे तुमची!" चांगुणा म्हणाली. "अहो, कुणाचं काही पडलेलं दिसलं, तर उचलून ज्याचं त्याच्या हातात द्यावं. एवढंही कळत नाही?"

"आता कळलं," गेनू म्हणाला. आणि त्याला खरंच कळलं होतं, हीच तर पंचाईत.

बानूबाईनं अंगण झाडलं होतं आणि कचरा हळूच शेजारणीच्या दारापुढे लोटला होता. गेनूनं तो पाहिला. कांद्याची सालं, शेंगांची टरफलं, राख, सगळं ओंजळीत भरलं आणि भर रस्त्यात बानूबाईच्या हातात दिलं. "तुमचा कचरा. तिकडे पडला होता."

शेजारीण पोट धरून हसली. बानूबाईनं झाडू उगारला.

आता मत द्यायला उरलं कोण? त्या दिवशी काशी एकाच बाजूनं भाकरी चावत होती. ते बघून चांगुणानं तिची भाकरी दुधात कुस्करून दिली. "ऐका," ती म्हणाली, "आता कुणाच्या दारात जाऊ नका. रविवारी सरळ शाळेत जा आणि निवडून या. निवडून आल्याशिवाय घरी यायचं नाही."

रविवारी गेनू शाळेत पोचला. वर्गात मतदान, बाहेर पालकांची ही रांग! दारात अण्णा हात जोडून उभे. गेनू विचारात पडला. निवडून ये म्हणाली खरी, पण काय निवडू? तेवढ्यात त्याला व्हरांड्यात खिचडीच्या तांदळाचं पोतं दिसलं. त्यानं सूप घेतलं, कठड्यावर ठेवलं आणि उभ्या उभ्या तांदूळ निवडायला लागला.

पहिल्याच सुपात मूठभर खडे निघाले. गेनूला आठवलं, ज्याचं त्याच्या हातात द्यावं. तो गेला आणि अण्णांच्या जोडलेल्या हातांत खडे ओतले.

"अण्णा, तुमचे. तांदळात पडले होते."

गेनू दुसरी मूठ घेऊन आला. मग तिसरी. रांग बघत होती. बानूबाई आधी हसली, मग तिचं हसू मावळलं. तिचाही नातू तीच खिचडी खात होता.

मतं मोजली. गेनूला सदतीस, अण्णांना चौदा. गुरुजी व्हरांड्यात येऊन मोठ्यानं म्हणाले, "गेनू निवडून आला! कुणाची हरकत?"

एकच हात वर झाला. गेनूचा.

"गुरुजी, कुठं आलो निवडून? अजून अर्धं पोतं बाकी आहे!"

गुरुजी म्हणाले, "अरे बाबा, हरकत असेल तर मला निकाल लिहिता येत नाही. मागे घे ती."

गेनूनं वर केलेला हात पाठीमागे नेला. "घेतली. पण पोतं?"

चांगुणाचा हात कपाळाकडे निघाला आणि मधेच थांबला. तिनं पदर खोचला, सूप ओढलं आणि बसली. मग बानूबाई बसली, रखमाजी लंगडत येऊन बसले, सगळे पालक बसले. अण्णांना जायला वाटच राहिली नाही, म्हणून तेही बसले. ऊन उतरायच्या आत पोतं संपलं.

सोमवारी खिचडी शिजली. काशीनं दोन ताटल्या खाल्ल्या, एकदाही कर्र झालं नाही. गुरुजींनी रजिस्टर उघडून लिहिलं, "गेनू निवडून आला." सहीला बोलावलेला गेनू चांगुणाबरोबर आला आणि आठवड्यात पहिल्यांदा खाली बसला. वाचून म्हणाला, "गुरुजी, खोटं कशाला लिहिता? मी एकटा कुठं? चांगुणा आली, बानूबाई आली, अण्णासुद्धा निवडून आले!"

दारात अण्णा उभेच होते. "ऐकलंत ना गुरुजी? खुद्द गेनूच म्हणतोय. लिहा!"

चांगुणानं या वेळी दोन्ही हात कपाळाला लावले.