पंख्याच्या दोरीची वाट

एकदा एका नगरात काळ्या पाषाणाचे एक सभागृह होते, आणि त्या नगराला त्याचा फार अभिमान होता.

पणजोबांच्या पिढीने ते वर्गणी काढून बांधले होते. ज्याच्याकडे पैसा नव्हता त्याने बैलगाडी दिली, आणि ज्याच्याकडे बैलगाडीही नव्हती त्याने डोक्यावरून दगड वाहिले. दोन हात रुंद भिंती, आतून घोटून घोटून गुळगुळीत केलेला चुना आणि उंच कमानी. केशकर्तनालयात दाढीला बसलेला गृहस्थसुद्धा परगावच्या माणसाला त्या कमानींवर व्याख्यान देई. हा अभिमान जरा अतीच होता, हे मान्य करायला हवे. पण ज्या गावाला स्वतःच्या एकाही भिंतीचा अभिमान नाही, ते गाव तरी कसले?

या सभागृहात परिषदा भरत, आणि त्यांच्या भाड्यावरच त्याची डागडुजी चाले. पुढे काळ बदलला. ज्या भिंतींनी इतकी वर्षे ऊन आणि पाऊस अडवला, त्या आता मोबाईलचे नेटवर्कही अडवू लागल्या. वक्ता बोलायला उभा राहिला की श्रोते एकेक करून फोन उंचावत बाहेरच्या पडवीत जात, आणि वक्ता रिकाम्या खुर्च्यांना आपले विचार ऐकवी.

अशातच नेत्रतज्ज्ञांची एक मोठी परिषद ठरली. एक अवघड शस्त्रक्रिया दूरच्या रुग्णालयात चाललेली असताना इथल्या पडद्यावर दाखवायची, असा त्यांचा बेत होता. संयोजकांनी साफ सांगितले, "वाय-फाय असेल तर इथे, नाहीतर महामार्गावरच्या हॉटेलात." ही परिषद गेली की बाकीच्याही तिच्यामागे जाणार, हे उघड होते. एका खतविक्रेत्याने तर गोदामासाठी सभागृह मिळेल का, अशी चौकशीही करून ठेवली होती.

सभागृहाचे प्रमुख विश्वस्त रंगनाथशेठ हे कापडाचे व्यापारी. ते तडक एका वृद्ध स्थपतींकडे गेले. या वृद्धाचे सारे आयुष्य जुनी मंदिरे आणि घाट सावरण्यात गेले होते, आणि सगळे त्यांना गुरुजी म्हणत. गुरुजींनी शेठजींचे सगळे ऐकून घेतले आणि शेजारी नकाशावर वाकलेल्या आपल्या शिष्येकडे बोट दाखवले.

"हे काम हिचं," ते म्हणाले.

शिष्या हुशार होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला ठाऊकही होते. वाय-फाय बसवणारे लोक भलेमोठे ड्रिल घेऊन आले, तेव्हा तिने त्यांना दारातच थांबवले. "या भिंतीला ड्रिल लागणार नाही," ती म्हणाली.

"मग तार आत कशी न्यायची, मॅडम?" त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता.

ती सभागृहात एकटीच बसून राहिली. वर पाहता पाहता तिचे लक्ष तुळईतल्या लोखंडी कड्यांकडे गेले. कधीकाळी तिथे कापडी झालरीचे पंखे टांगलेले असत. त्यांची दोरी भिंतीतून बाहेर जाई, आणि पडवीत बसलेला माणूस ती ओढत राही. म्हणजे दोरीला वाट होतीच. शिडीवर चढून कड्यांच्या रेषेत ती भिंतीवर बोटांनी ठोकत गेली. एका जागी आवाज पोकळ आला. तिथला चुना नखानेही खरवडला जाईल इतका मऊ होता. तो काढताच भिंतीच्या आरपार बसवलेली सागवानी नळी दिसली. तिच्यातून तार सरळ आत आली.

गुरुजींना हे कळले तेव्हा ते नुसते "हं" म्हणाले. त्यांचा "हं" म्हणजे इतरांचा पुष्पहार, हे शिष्येला माहीत होते.

मग तिने वाय-फायचे डबे भिंतींतल्या कोनाड्यांत बसवले. ते मूळ इमारतीचेच भाग वाटावेत म्हणून कडांनी सिमेंट भरले आणि वरून रंगाचा हात दिला. "आता शंभर वर्षं कुणी हात लावायला नको," ती म्हणाली. बांधणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य फार गोड लागते.

सिमेंट वाळल्यावर चाचणी झाली. रंगनाथशेठ सर्वांत दूरच्या कोपऱ्यात उभे राहिले आणि त्यांनी परदेशातल्या सुनेला व्हिडिओ कॉल लावला. सून स्पष्ट दिसली. शेठजींनी तिला सगळ्या कमानी फिरवून दाखवल्या, आणि मग गावभर पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आले. त्यांनी एकेक कोनाडा पाहिला, डब्यांच्या कडांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "छान झालंय. आता हे सगळं काढ."

शेठजींना वाटले, म्हातारपणामुळे गुरुजींच्या बोलण्यात काहीतरी घोटाळा होतोय. "अहो गुरुजी, परिषद तोंडावर आलीय. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालताय?"

"गाडा चालेल, शेठजी. आधी काढून तर बघू."

शिष्येच्या डोळ्यांत राग उतरला, पण गुरूचा शब्द मोडायचा नव्हता. तिने तारा ओढल्या. त्या नळीतून अलगद बाहेर आल्या, मागे काही खूण राहिली नाही. मग ती पहिल्या डब्याकडे वळली. तो हलेना. छिन्नी लावली, हातोडीचे हलके घाव घातले. सिमेंट सुटले, पण एकटे सुटले नाही. तळहाताएवढा जुना चुना त्याला धरून खाली आला आणि आतला दगड उघडा पडला. सवाशे वर्षे ज्या चुन्याला चीर गेली नव्हती, त्याचे तुकडे तिच्या पायाशी पडले होते.

ती तिथेच खाली बसली. "गुरुजी, हे मी केलं," ती म्हणाली, आणि तिला रडू आले.

गुरुजी तिच्याजवळ बसले. त्यांनी वरच्या नळीकडे बोट केले. "पंखे गेले तेव्हा त्या लोकांनी ही वाट बुजवली. कशानं? मऊ चुन्यानं. त्यांना तुझी तार ठाऊक होती का? मुळीच नाही. त्यांना एवढंच ठाऊक होतं की आपल्यामागून कुणीतरी येईल आणि त्याला काहीतरी लागेल. म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं, पण कुलूप घातलं नाही. तू मात्र शंभर वर्षांचा बंदोबस्त करायला निघालीस. अगं, हा डबा पाच वर्षांत जुना होईल. ही वास्तू घरधनी आहे, आणि आपलं काम पाहुणं. पाहुण्यानं चार दिवस मानानं राहावं. यजमानाच्या भिंतीत खुंट्या ठोकू नयेत."

मग ते म्हणाले, "बसवलेलं सगळेच दाखवतात. कारागिराची परीक्षा काढताना होते."

शिष्येने डोळे पुसले. गुरुजींच्या अंगणात एका मोठ्या रांजणात चुना पाण्याखाली मुरत ठेवलेला असे. लोक लोणचे जपतात तसा तो त्यांनी वर्षानुवर्षे जपला होता. तिने तो आणला, उघड्या दगडावर स्वतः थापला आणि गोट्याने घोटत राहिली. नवा चुना जुन्याहून पांढरा दिसत होता. त्यावर रंग फिरवू का, असे तिने विचारले नाही. आपली चूक आहे तशी दिसली तर पुढच्याला उपयोगी पडेल, असे तिला वाटले. उरलेले डबे तिने सिमेंट कणाकणाने झिजवत सोडवले, आणि प्रत्येक कोनाड्यात छोटी सागवानी घडवंची ठेवून तिच्यावर ते मांडले. तारा पुन्हा नळीतून आत घेतल्या. एकही खिळा लागला नाही.

परिषद भरली. दूरच्या रुग्णालयातल्या शल्यचिकित्सकाचे हात पडद्यावर दिसू लागले, आणि सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरली. त्या दिवशी पडवीत कुणीच गेले नाही. मधल्या सुट्टीत एका वृद्ध डॉक्टरांनी भिंती निरखून विचारले, "इतक्या जाड दगडातून नेट आत येतं तरी कुठून?"

"पणजोबांनी वाट ठेवली होती," रंगनाथशेठ म्हणाले. छाती इतकी फुगली होती की कोटाचे बटण कसेबसे तग धरून होते. लगेच ते शिष्येकडे वळले. "तुमच्या नावाची संगमरवरी पाटी लावायची, मी ठरवून टाकलंय. इथेच, दर्शनी भिंतीवर. चार स्क्रू मारले की झालं."

शिष्येने भिंतीकडे पाहिले. एका सुंदर पाटीवर आपले नाव, हा मोह काही लहान नव्हता. "मग नको, शेठजी," ती म्हणाली. "स्क्रू नको."

गुरुजी हे ऐकत होते. आजवर त्यांनी कुणासमोर तिला आपली शिष्या म्हटले नव्हते. त्यांनी त्या वृद्ध डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान ताठ करून म्हणाले, "डॉक्टर, ही माझी शिष्या."